बाकावरचे थेंब

"सिस्टर, यांच्या डोळ्यांत थेंब कुणी टाकले?"

डॉक्टरांचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला. सिस्टर दारातच थबकली. या दवाखान्याचा शिरस्ताच तो. माणूस बाकावर टेकला रे टेकला, की डोळ्याची बाहुली मोठी करणारे थेंब. तपासणीची रांग भराभर सरकते.

खुर्चीत सासूबाई होत्या, शेजारी त्यांची सून. सकाळी उठल्या तेव्हा त्यांची डावी पापणी मिटलेलीच राहिली. बोटाने उचलली, तर बुबुळ बाहेरच्या बाजूला सरकलेलं आणि समोरचं सगळं दोन-दोन. "एका सुनेनंच नाकी नऊ आणले होते, आता दोन दिसताहेत," असं त्या गाडीत म्हणाल्या होत्या. सुनेला हसू आलं नव्हतं.

डॉक्टरांनी सुनेला आडपडदा न ठेवता सांगितलं. डोळा हलवणारी नस लुळी पडली आहे. हे रक्तातल्या साखरेमुळे असेल, तर बाहुली सहसा जशीच्या तशी राहते आणि तीनेक महिन्यांत डोळा आपोआप ठिकाणावर येतो. पण बाहुली आपणहून मोठी झाली असेल, तर मेंदूतली एखादी रक्तवाहिनी फुगून नसेवर दाबत असेल. ती कधीही फुटू शकते.

"मग यांचं काय आहे?" सुनेने विचारलं.

"तेच तर! थेंबांनी दोन्ही बाहुल्या मोठ्या करून ठेवल्यात. आता काय डोंबल कळणार?" ते सिस्टरकडे वळले. "दोन्ही डोळ्यांत टाकलेत ना?"

केसपेपरवर तशी खूण होती. सिस्टरने मान डोलावली.

मेंदूचा फोटो काढायचा, तर मोठं रुग्णालय तीन तासांवर. सासूबाईंची साखर जुनीच. डॉक्टरांनी कपाळ चोळलं. "उद्यापर्यंत थेंबांचा अंमल उतरेल. सकाळी आणा, मग ठरवू."

सुनेचा जीव भांड्यात पडला. निदान आज तरी काही नाही. तिने सासूबाईंना धरून पायऱ्या उतरवल्या आणि गाडीत बसवलं.

गाडी सुरू झाली, तोच सिस्टर धावत आली आणि काचेवर थाप मारू लागली.

"घरी नका नेऊ. मोठ्या रुग्णालयात न्या, आत्ताच्या आत्ता. पापणी उचलली की या कळवळत होत्या, बाकावर तीस माणसं होती... मी कागदावर नुसती खूण केली. डाव्या डोळ्यात मी थेंब टाकलेच नाहीत."