आठ नावांची यादी

त्या पत्राला कारकुनाने उत्तर दिलं नव्हतं. दोन महिने ते खणात पडून होतं, आणि आता ते लिहिणारी बाईच पर्स मांडीवर घेऊन टेबलासमोर बसली होती.

"पत्र मिळालं होतं ना?" तिने विचारलं.

"मिळालं होतं." खोटं बोलणं कारकुनाला जमत नसे. खरं बोलायलाही त्याला वेळ लागे.

"मग दोन ओळी खरडायला काय झालं होतं? शाई महागली?"

कारकुनाने चष्मा पुसला. चार वेळा त्याने उत्तर लिहायला घेतलं होतं आणि चारही वेळा फाडलं होतं. कधी भाषा जड झाली, कधी अगदीच पोरकट. चौथ्या वेळी तर पत्र नीट जमलं होतं, म्हणूनच त्याला त्याची भीती वाटली.

कचेरी सहलीसाठी होड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीची. खिडकीतून धक्का दिसे आणि धक्क्याला बांधलेली कॅटामरान: जोड बुडाची, शिडाची, चार खोल्यांची. आठ माणसं ऐसपैस राहतील एवढी. बाईच्या नवऱ्याने, एका निवृत्त सर्व्हेअरने, तीच आठवडाभरासाठी घेतली होती. तो आणि जुन्या ऑफिसातले सात सोबती, अशी आठ जणांची सहल. होडीवर कोण कोण असणार याची यादी आधी द्यावी लागते, ती त्याने सुबक अक्षरात भरून दिली होती.

"घरी आले ते तोंड रापलेलं," बाई सांगू लागली. "अमक्याने सुकाणू धरलं, तमक्याला ओकाऱ्या झाल्या, सगळं रंगवून सांगितलं. मी आपली मान डोलावतेय! आणि मग माझा भाऊ म्हणतो, ताई, होडी सात दिवसांत धक्का सोडून हललीच नाही. तो दोनदा तिकडून गेला. दोन्ही वेळा संध्याकाळी दोनच माणसं बसलेली. तोंडं दिसली नाहीत, पण हसणं लांबवर ऐकू येत होतं."

कारकुनाने टेबलावरचे कागद सारखे केले.

"एक्केचाळीस वर्षांत माझ्यासमोर एवढे कधी हसले नाहीत हो."

"त्यांना विचारलंत?"

"विचारलं ना. तोंडात गुळणी धरून बसलेत. शेवटी म्हणाले, तुला काय समजायचं ते समज. मी समजले. रविवारी बॅग भरून लेकीकडे चाललेय, कायमची. फक्त जाण्याआधी खात्री हवी. उगाच कुणावर आळ नको."

मालकीणबाईंच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. कारकुनाने आवाज खाली आणला. "ग्राहकाची माहिती बाहेर द्यायची नाही, असा इथला नियम आहे."

"वा! नवरा माझा आणि नियम तुमचे?"

नियम पुष्कळ होते. तिघांपेक्षा कमी माणसं असली तर होडीचे दोर सोडायचे नाहीत. नोकरांनी भाड्याने दिलेल्या होडीवर बसायचं नाही. डेक धुणाऱ्याने एकदा ग्राहकासोबत चहा घेतला, तर मालकीणबाईंनी त्याला त्याच दिवशी घरी बसवलं होतं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची प्रत फायलीत लावायची, आणि ती फाइल सोमवारी मालकीणबाई स्वतः वाचत. शिवाय सर्व्हेअरने जाताना हात धरून सांगितलं होतं, "हे आपल्यातच राहू द्या. घरी कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"एवढंच सांगा," बाई म्हणाली. "दुसरं माणूस होतं की नव्हतं?"

"होतं."

तिचे ओठ घट्ट मिटले. "रोज?"

"सातही संध्याकाळी."

"तुमच्या ओळखीचं?"

कारकुनाने जरा विचार केला. "थोडंफार."

"दिसायला बरं असेल."

"छे, छे!" तो घाईने म्हणाला. "अगदीच साधं. चारचौघांत लक्षातही येणार नाही."

"मग यांनी त्यात पाहिलं तरी काय?"

"ते मलाही कळलेलं नाही. ऐकून घेणारं कुणीतरी हवं असेल."

"ऐकायला मी काय मेले होते?"

बाई उठली. तिचा आवाज आता अगदी शांत होता.

"नाव कागदावर लिहून पाठवा. तोंडी नको, उद्या तुम्हीच नाही म्हणाल. शनिवारपर्यंत वाट बघते." दाराशी जाऊन ती वळली. "तुम्ही भले दिसता. पण भलेपणा खणात ठेवून कुणाचं भलं होतं?"

ती गेल्यावर मालकीणबाईंनी आतून विचारलं, "काय हवं होतं तिला?"

"चौकशी होती," कारकून म्हणाला.

दुपारी त्याने पाचव्यांदा कागद पुढे ओढला. या वेळी भाषेचा विचार करायला सवड नव्हती. गावातलं पत्र पोचायला दोन दिवस लागत, आणि आज गुरुवार होता. पत्र लिहून झालं. त्याने प्रत फायलीत लावली. मग खणातली आपली पुस्तकं एकेक करून पिशवीत भरली. इतक्या वर्षांत ती बरीच साठली होती.

"आज एवढं ओझं कसलं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"वाचून झालीत सगळी," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी तो बराच वेळ उभा राहिला. मागून आलेल्या एका माणसाने "टाकताय ना?" म्हणून विचारलं, तेव्हा त्याने पाकीट सोडून दिलं.

आत एवढंच लिहिलं होतं:

"बाईंना नमस्कार. उत्तराला उशीर झाला, माफ करावं. यादीतल्या आठांपैकी तुमचे यजमान तेवढे आले. बाकी सातांपैकी कुणीच आलं नाही. हे तुम्हाला सांगायची त्यांना लाज वाटली. रोज कचेरी सुटल्यावर त्यांच्यासमोर जाऊन बसणारा दुसरा माणूस मी होतो."