तपासलेली पत्रं

वायरमनने अर्ज वाचला, त्याची घडी घातली आणि खिडकीच्या गजांमधून परत आत सरकवला.

"सही नाही करणार, साहेब."

तुरुंगाच्या टपाल कारकुनाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पाचला फाइल बंद होणार होती. सुटकेचे अर्ज बघणारी समिती उद्या बसणार होती आणि त्यानंतर थेट सहा महिन्यांनी. वायरमनची आई तेवढं थांबणार नव्हती. त्याच्या बहिणीचं पत्र सकाळीच तुरुंगात येऊन पडलं होतं. आईने अन्न सोडलंय, डॉक्टरांनी आठ-दहा दिवस सांगितलेत, ती सारखी दाराकडे बघते, असं तिने लिहिलं होतं.

अर्जात दोनच ओळी होत्या. गोदामाला आग मी लावली. मला पश्चात्ताप झाला आहे. एवढ्यावर सही केली की माणूस परवा घरी. ज्याने खरंच आग लावली असती, त्याने कधीच सही ठोकून घर गाठलं असतं. 'मी नाही लावली' म्हणणारा मात्र नऊ वर्षं आत सडत होता. असला हा अजब न्याय.

कारकुनाने पुन्हा आईचा विषय काढला. वायरमनचे डोळे भरून आले, पण मान काही होकारार्थी हलेना.

"आई समजून घेईल," तो म्हणाला. "पण त्या माणसांना मी काय तोंड दाखवू? ना ओळखीची, ना नात्यातली, तरी इतकी वर्षं लिहितायत, तुम्ही निर्दोष आहात म्हणून. मी सही केली तर ती सगळी खोटी पडतील."

कारकुनाचा चेहरा खाड्‌कन उतरला.

सुरुवातीला पत्रं खरोखर यायची. आग लागली तेव्हा हा वायरमन शहराच्या दुसऱ्या टोकाला एका दवाखान्यात पंखा बसवत होता, अशी बातमी छापून आली आणि लोक हळहळले. सह्या झाल्या, मोर्चा निघाला, गोणी भरभरून टपाल आलं. कारकून एकेक पाकीट फोडायचा, वाचायचा, 'तपासले'चा शिक्का मारून खिडकीतून द्यायचा. मग दुसरी बातमी आली, दुसरा बिचारा मिळाला. लोकांनी तरी किती जणांसाठी हळहळायचं? तिसऱ्या वर्षी टपाल पार आटलं. वायरमन मात्र दर शनिवारी खिडकीशी येऊन उभा राहायचा. 'काही नाही' असं चार शनिवार सांगून झालं. पाचव्या शनिवारी तेच सांगायला कारकुनाची जीभ रेटली नसती. आदल्या दिवशीच त्याने घरी बसून डाव्या हाताने एक पत्र लिहिलं होतं. खाली सही केली होती एका निवृत्त शिक्षिकेची.

बाई एकट्या राहिल्या नाहीत. त्यांच्या मागोमाग एक ट्रकवाला आला, शुद्धलेखनाच्या नावाने बोंब असलेला. मग हिरव्या शाईने लिहिणारी कॉलेजातली मुलगी आली. कारकुनाची बायको म्हणायची, तुमचं अक्षर म्हणजे नुसते कोंबडीचे पाय. नवरा चार वळणांचं अक्षर काढतो, हे तिला कुठे माहीत होतं? पाकिटं याच टेबलावर फोडली जायची, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. सहा वर्षं हे चाललं. आपण एका माणसाला जगवतोय असं कारकुनाला वाटायचं, आणि ते खोटंही नव्हतं. पण आज तीच पत्रं त्या माणसाच्या वाटेत आडवी आली होती.

साडेचार वाजले. कारकुनाने टेबलाचा खालचा खण ओढून काढला आणि सरळ खिडकीच्या फळीवर ठेवला. आत वायरमनने पाठवलेली उत्तरं होती. बाहेर जाणारं टपालही कारकुनाच्याच हातून जायचं. बाईंच्या गुडघ्याला कोणतं तेल चोळावं, ते त्यात होतं. झोप अनावर झाली की गाडी बाजूला घे, असा ट्रकवाल्याला दम होता. मुलीला परीक्षेसाठी आशीर्वाद होते.

"ती माणसं नाहीत रे," कारकून म्हणाला. "कुणीच नाही. ती सगळी मीच."

वायरमन ओरडेल, निदान एखादी शिवी तरी हासडेल, असं त्याला वाटलं होतं. वायरमन एकेक पत्र उचलून बघत राहिला. सगळीकडे त्याचं स्वतःचंच अक्षर. बऱ्याच वेळाने त्याने बाईंच्या गुडघ्याचं विचारलं. गुडघा माझ्या बायकोचा, कारकुनाने सांगितलं, आणि तेलाने तिला बराच उतार पडला. वायरमन जरासा हसला. ते हसू बघून कारकुनाला गलबलून आलं.

मग वायरमनने दोन्ही हातांनी गज धरले.

"आणि तुम्ही, साहेब? मी नाही लावली आग, असं तुम्ही तरी मानता ना? एक माणूस मानत असला तरी मला पुरे. मग मी सही करत नाही."

पाचला सात मिनिटं कमी होती. बाई, ट्रकवाला, ती मुलगी, त्यांची गावं, त्यांच्या काळज्या, सगळं कारकुनाने मनाने रचलं होतं. प्रत्येक पत्राच्या शेवटी येणारं 'तुम्ही निर्दोष आहात' हे एक वाक्य तेवढं त्याला कधी रचावं लागलं नव्हतं.

"नाही," तो वायरमनच्या डोळ्यांत बघून म्हणाला. "मला ते कधीच खरं वाटलं नाही."

वायरमनने खाली मान घातली, हात पुढे करून पेन मागितलं आणि सही केली.