दगडांवरचा थर

“बाई, ही काही तुमच्या बाळाची दुधाची बाटली नाही, उकळून घासून ठेवायला,” सांडपाणी केंद्रातल्या गाळणीवरचे काका सुट्टीवर जाताना म्हणाले होते. “दगडांना हात लावू नका. तो थर जिवंत आहे.”

ती हसली होती. रसायनशास्त्राची पदवी तिची होती, काकांची नव्हे. तळ्यात निवळलेलं सांडपाणी त्या दगडांवरून झिरपायचं, आणि दगड असे बुळबुळीत की बघवत नसे. दुसऱ्या दिवशी पाहणी होती. तिने ब्लीचिंग पावडर टाकून ते लख्ख धुऊन घेतले.

“काकांनी गाळणी छान ठेवलीये,” साहेब म्हणाले. तिने मान डोलावली.

आठवडाभराने प्रयोगशाळेच्या टेबलावर दोन नळ्या उभ्या होत्या. एकीत गाळणीआधीचं पाणी, दुसरीत नंतरचं. तपासणीचं औषध टाकलं की अमोनिया जास्त तितका रंग गडद. दोन्ही सारख्याच पिवळ्याजर्द. अमोनिया खाणारं दगडांवर कुणी उरलंच नव्हतं. खाली ओढ्यात मासे पोट वर करून तरंगत होते.

काका सुट्टीवरून परतले होते. साहेब दारातूनच कडाडले, “काका, गाळणी तुमच्या ताब्यात. काय दिवे लावलेत?”

काकांनी नळ्यांकडे पाहिलं. मग तिच्याकडे. तिच्या खांद्यावर बाळाने सकाळी ओकलेल्या दुधाचा डाग होता.

तिने तोंड उघडलं. “अमोनिया... जास्त आलाय, साहेब.”

“ते मला वासानेच कळलं!”

“माझंच लक्ष चुकलं,” काका म्हणाले.

“मग उद्यापासून येऊ नका.”

काकांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या, नळ्यांना धक्का लागणार नाही अशा बेताने. जाताजाता तिला हळूच म्हणाले, “पाणी बारीक धारेनं चालू ठेवा. दगड वाळू देऊ नका. दीडेक महिन्यात धरेल थर.”

धरला. दुसरी नळी आता जवळजवळ नितळ असते. ती रोज ती उजेडात धरून बघते, आणि घरी जाताना काकांच्या गल्लीचं वळण टाळते.

तुम्ही त्या बाजूने गेलात, तर कोपऱ्यावरच्या घरात जरा डोकावा. दाराशी काकांचे कामावरचे रबरी बूट पालथे ठेवलेले दिसतील. काका बरे आहेत ना, बघा. थर धरला म्हणावं. आणि दगड त्यांनी धुतले नव्हते, एवढं काकूंच्या कानावर घाला.