दाराची मूठ

शेवटचा स्क्रू बसला तेव्हा त्यांनी गाडीच्या दाराची आतली मूठ दोनदा ओढून पाहिली, बोटाने पुसली आणि मान तिरकी करून तिच्यावर पडलेला उजेड तपासला. एकही बुडबुडा नाही. कार्बन फायबरचं काळंभोर कापड बारीक चटईसारखं विणलेलं, आणि त्यावर रेझिनचे तीन हात, काचेसारखे. चौतीस वर्षं कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढलेल्या माणसाने जेवणाच्या टेबलावर केलेलं काम होतं ते. टेबल आता जेवायच्या लायकीचं राहिलं नव्हतं, पण सगळंच एकदम साधत नाही.

"बाबा." मुलगी फाटकापाशी हाताची घडी घालून उभी होती. "डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"काही बदलू नका म्हणाले."

"मग?"

"घरात म्हणाले. गाडी घराबाहेर असते."

मुलीने कपाळाला हात लावला.

"अगं, जुनी मूठ तडकली होती. तुझ्या आईच्या बोटात प्लॅस्टिकचं कुसळ गेलं. रक्त आलं. हे तुझ्या डॉक्टरांना सांगितलं असतं तर तेही म्हणाले असते, बदला."

"चिकटपट्टी लावायची होती."

चिकटपट्टी! ते पान्हे गोळा करायला लागले.

खरं तर एकटी मूठच करायची होती. पण मूठ चकाकायला लागल्यावर शेजारची पट्टी भिकार दिसू लागली. पट्टी केली तर समोरच्या कप्प्याचं झाकण, झाकण केलं तर गिअरभोवतीची चौकट. अकरा दिवस गाडी आतून सोललेल्या अवस्थेत उभी होती. रेझिनने नीट धरावं म्हणून आधी प्लॅस्टिक पॉलिश पेपरने घासून घ्यावं लागतं, खड्डे भरून सपाट करावे लागतात. मुठीच्या आतल्या अंगाला नखांचे चार ओरखडे होते, चांगले खोल. ते बुजवायला त्यांची एक अख्खी दुपार गेली. पण एकदा ओरखडा दिसला की इन्स्पेक्टर फक्त इन्स्पेक्टर असतो, दुसरा कुणाचा कुणी नसतो.

घरात बायको त्यांना ओळखत नव्हती. गेल्या महिन्यात तिने त्यांना प्लंबर समजून गळक्या नळाची तक्रार केली. त्यांनी नळ बदलला. तिने पाणी विचारलं, आणि पुढच्या वेळी वेळेवर या म्हणून बजावलं. पण रोज चार वाजता गाडीत बसली, दार लागलं, तिच्या हाताने ती मूठ घट्ट धरली, की चौक यायच्या आत सुरू व्हायचं. "अहो, हळू! पुढे वळण आहे. जीव घ्यायचाय का माझा?" तिथून पुढे वीस-पंचवीस मिनिटं ते नवरा असायचे. खाली उतरलं की परत कोणीतरी.

"आण तिला," ते मुलीला म्हणाले. "अकरा दिवस बोलणी खाल्ली नाहीत. अन्न पचेनासं झालंय."

मुलगी आईला हाताला धरून घेऊन आली, गाडीत बसवलं, पट्टा लावला. त्यांनी दार लावलं. लावताना ते नव्या मुठीकडे पाहून स्वतःशी थोडं हसलेही.

गाडी निघाली. बायकोचा हात सवयीने दाराकडे गेला. नखं जागा शोधत मुठीवरून फिरली आणि घसरून मांडीवर आली. पुन्हा गेली, पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा हात गेलाच नाही. तिने दुसऱ्याच्या घरी बसावं तसे दोन्ही हात एकमेकांत गुंतवून ठेवले आणि पाय जवळ घेतले.

चौक आला. त्यांनी वेग कमी केला नाही. आहे त्या वेगात वळण मारलं. टायर किंचाळले, मागच्या स्कूटरवाल्याने त्यांचा उद्धार केला. ते समोर बघत, कान टवकारून थांबले.

"छान चालवता हो तुम्ही," ती अदबीने म्हणाली. "आमच्या ह्यांना मेलं वळणच घेता येत नाही."

अडतीस वर्षांत त्यांच्या गाडी चालवण्याचं झालेलं हे पहिलं कौतुक.

"गाडी नवी दिसते."

"हो." त्यांनी गिअर बदलला. "आत्ताच केली."

"छान आहे." मग ती अस्वस्थ होऊन खिडकीकडे सरकली. "पण चार वाजता हे मला घ्यायला येतात. मी दिसले नाही की शोधत सुटतील. इथेच असतील कुठेतरी. दिसले तर जरा थांबवाल ना?"

तिला काय हाक मारावी हे त्यांना क्षणभर सुचेना.

"थांबवतो," ते म्हणाले. "तुम्ही लक्ष ठेवा."

त्यांनी गाडी हळू केली, अगदी पायी चालणाऱ्यांच्या बरोबरीने. मागे हॉर्न वाजायला लागले. ती कपाळ काचेला टेकवून फुटपाथवरचा एकेक माणूस निरखत होती. म्हाताऱ्यांवरून तिची नजर तशीच पुढे जायची. काळ्याभोर केसांचा एखादा तिशीतला दिसला की ती घाईघाईने काचेवर बोट ठेवायची, आणि ते दर वेळी ब्रेक दाबायचे.