वाघाचे पट्टे

त्र्यंबकरावांच्या आजोबांची शिकारी बंदूक वर्षभर कपाटात असे आणि खंडेनवमीला पूजेच्या पाटावर येई. तिच्या लाकडी दस्त्यावर कोरलेल्या वाघाच्या पट्ट्यांत तीन पिढ्यांचं कुंकू इतकं घट्ट बसलं होतं, की ब्रशनं घासूनही निघत नसे.

यंदा दस्ता खिळखिळा झाला. बराकपूरच्या मुकुंदरावांना जुन्या नक्षीदार बंदुकांचा भारी नाद. ते म्हणाले, "द्या माझ्याकडे, ओळखीचा कारागीर आहे." अख्ख्या कलकत्त्यात जिवाभावाचा मित्र तो एकच. त्र्यंबकरावांनी बंदूक निर्धास्त देऊन टाकली.

नवमीच्या सकाळी मुकुंदराव स्वतः ती घेऊन आले.

"फक्त स्क्रू आवळून घेतले. नक्षीला कुणाला बोटसुद्धा लावू दिलं नाही मी!"

"म्हणून तर तुमच्या हाती दिली," म्हणत त्र्यंबकरावांनी बंदूक दोन्ही हातांनी घेतली.

बाहेर दुर्गापूजेचे ढाक वाजत होते. मंदाकिनीबाईंनी पाट मांडला, कुंकवाचा करंडा पुढे केला. मुकुंदराव हात जोडून शेजारीच बसले. "वहिनी, पुरणपोळी खाल्ल्याशिवाय हलायचा नाही हं मी!"

पूजेआधी धूळ पुसावी म्हणून त्र्यंबकरावांनी वाघावरून बोट फिरवलं, आणि ते तिथंच थांबलं.



पट्ट्यांत जुन्या कुंकवाचा कणही नव्हता; बोटाला लाकडाचा ताजा भुसा लागला होता.