तात्यांची मोटार
पाण्याच्या मोटारी चोरल्याची शिक्षा भोगून शिवदास निरवांगीला परतला. गावातल्या तात्यांनी त्याला आपल्या उसाला पाणी द्यायच्या कामावर ठेवलं. महिन्याभरातच नदीवरची त्यांची मोटार चोरीला गेली. “तुला ठिकाणं म्हाईत हायती. आण हुडकून, ऊस वाळाय लागलाय,” तात्या म्हणाले. ज्या जुन्या साथीदाराचं तोंड पुन्हा बघायचं नाही असं शिवदासनं ठरवलं होतं, त्याच्याकडे तो इंदापूरला गेला. “तात्याची हुती व्हय? घिऊन जा की लेका! च्या घेतोस?” साथीदार म्हणाला. मोटारीतलं तांबं अजून काढलेलं नव्हतं. शिवदासनं मोटार नदीवर बसवली, वायर जोडली, उसात पाणी आलं. तात्या त्याच्यासमोरच थोरल्या लेकाला म्हणाले, “बघ, म्हनलं न्हवतं? ह्यानंच नेली हुती. उद्यापास्नं दुसरा गडी बघ.” शिवदासनं हातावरचं ग्रीस मातीत पुसलं आणि साथीदाराला फोन लावला. “गडी कमी हाय का तुमच्यात?”