उंबऱ्याजवळचा खड्डा

"नाळ दे," मनकर्णाबाई दारातूनच म्हणाली. "बसायला आले न्हाई मी. दे, की चालले कर्जतच्या यष्टीनं."

दिशानं तिला आत ओढलं. नात नगरच्या कॉलेजातल्या या प्रयोगशाळेत संशोधन करते, एवढंच म्हातारीला ठाऊक. आपल्या बाळाची नाळ आपणच सही करून दिशाला दिली, हे काल नातसुनेच्या, मोनिकाच्या, तोंडून निसटलं होतं. बाळ म्हणजे पोरगी होती. तिनं रात्रसुद्धा काढली नाही. तिला मळ्यात मातीआड केलं तेव्हा मनकर्णाबाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. पण नाळेचं ऐकलं, आणि तिनं स्वतः पहार घेऊन उंबऱ्याजवळ खड्डा उकरला.

"आपल्या घरात जल्मलेल्या एकूण एकाची नाळ अंगणात हाय. तुझीबी म्याच पुरली. ह्या एकीचीच तेवढी परगावी? लेकरू दारोदार हिंडंल की गं, माझं घर कंचं म्हणून इचारीत!"

"आजी, नाळ आता नाळ राहिली नाही."

"मंग काय केलंस? कालवण?"

दिशानं कपाटातून एक चपटी काचेची डबी काढली. तळाशी भिजल्या सब्जासारखे बुळबुळीत, पारदर्शक गोळे.

"हा जेल आम्ही इथंच बनवतो. नाळेतल्या पेशी यात ठेवल्यात. पुढंमागं भाजलेल्या माणसाला यातून नवी कातडी देता येईल. पेशींनी जागा धरली की जेल आपोआप विरघळून जातो."

"मंजी स्लॅबचं सेंटरिंग. स्लॅब धरला की काढून टाकायचं," म्हातारी फणकारली. "मला नको शिकवू, घर उभं केलंय मी. मेल्या लेकराच्या मासाला कसलं आलंय सेंटरिंग?"

दिशानं कॉम्प्युटर चालू केला. "याच डबीचं कालचं चित्रण आहे. पळवून दाखवते."

पडद्यावर लांबट ठिपके थरथरत होते. त्यातला एक गोल झाला, मधोमध आवळला, आणि एकाचे दोन झाले. दोघं हळूच एकमेकांपासून सरकले.

मनकर्णाबाईच्या हातातलं गाठोडं खाली पडलं. नाळ गुंडाळायला आणलेली बाळाची कुंची बाहेर आली. नाळेसोबत पुरायची काजळाची डबी घरंगळत टेबलाखाली गेली.

"हलतंय हे."

"जिवंत आहेत, आजी."

"कुनाचं हाय?"

"तिचंच."

म्हातारीनं स्टूल घट्ट धरलं.

"म्या माझ्या हातानं माती लोटली, दिशे," ती कशीबशी म्हणाली. "जिती हुती का मंग ती?"

"नाही गं. ती गेलीच होती. हे एवढंच राहिलं."

दिशानं डबी परत कपाटात ठेवली, काचेचं दार लावलं.

"आत ऊब हाय?"

"पोटात असते तेवढीच." दिशानं कुंची उचलून तिची घडी घातली. "नेणार असशील तर इथल्या मॅडमना विचारते. देते बांधून."

"खुळी का काय? जित्याला पुरत्यात व्हय कुठं?"

मनकर्णाबाई गुडघे धरत खाली वाकली. टेबलाखालून डबी काढली, बोट काजळात बुडवलं आणि कपाटाच्या काचेवर, खालच्या कोपऱ्यात, तीट लावली.

"चार मानसं येत्यात जात्यात हितं," ती म्हणाली. "पुसलंस तर हात मोडीन."